कार्ल्याचा गांधिक आणि कामगाराचा घाम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘अंगाचा वास’ एवढे दोनच शब्द कळविले होते. त्यांनी ते जरा सभ्य करून पत्रकात ‘दैनंदिन सुगंधाचा इतिहास’ असे छापले. त्यांचे काही चुकले नाही. वास या शब्दाने सभेला माणसे येत नाहीत, सुगंध या शब्दाने येतात. परंतु मला बोलावयाचे आहे ते दोन्हींबद्दल. सकाळी घराबाहेर पडताना माणसाने अत्तराचे बोट लावावे की डिओडरंटचा फवारा मारावा, हा प्रश्न आता फक्त पुण्यामुंबईच्या मंडळींचा राहिलेला नाही. लोणावळ्याच्या बाजारात, तळेगावच्या स्टेशनाबाहेर, चाकणच्या कारखान्यांच्या फाटकापाशी असलेल्या पानपट्टीवरसुद्धा हे डबे टांगलेले दिसतात. मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी या प्रश्नाच्या मागे केवढा मोठा इतिहास आहे तो वाचता वाचता माझ्या ध्यानात आला, आणि तो सांगण्यासारखा वाटला.

आरंभ आपल्याच मावळातून करतो. लोहगडवाडीहून खाली उतरले की भाजे लागते, आणि मळवली स्टेशन ओलांडून पलीकडे गेले की कार्ले. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आपल्यापैकी पुष्कळजण एकवीरेच्या दर्शनाला जाताना ते पाहून आलेले असतील, पण भिंतींवरची अक्षरे कोणी थांबून पाहत नाही. हे एवढे मोठे लेणे कोणा एका राजाने खोदविलेले नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव तेथे आहे, एका महारठीचे आहे, यवन म्हणविणाऱ्या कित्येकांची आहेत. आणि एका दरवाजाच्या दानाचा लेख आहे तो धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचा. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आजचे गांधी हे आडनाव त्याच शब्दाचे वंशज. त्याच गावच्या एका सुताराचाही लेख तेथे आहे. त्याचे नाव सामी, बापाचे नाव वेणुवास. दरवाजा त्याने केला असे तो सांगतो. मला या दोन नावांची जोडी फार आवडते. एकाचा धंदा सुवासाचा, दुसऱ्याचा धंदा घामाचा, आणि दोघांची नावे एकाच दगडावर!

आता भाज्याकडे वळा. तेथे कोशिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने दान दिल्याचा लेख आहे. दान कशाचे? ‘पोढी’चे, म्हणजे पाण्याच्या टाक्याचे. कार्ल्याला सुगंधवाल्याने दार दिले, भाज्याला सरदाराने पाणी दिले. सुगंध आणि पाणी हे दोन शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. माझ्या मते अंगाच्या वासाचा सगळा इतिहास या दोहोंत सामावलेला आहे, आणि त्यांतील पाण्याचा भाग लिहिणाऱ्यांनी बहुधा वगळलेला आहे.

सुगंधाचे शास्त्र आपल्याकडे फार जुने. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्ये घेऊन त्यांतील चार-चार एकत्र केली तर किती मिश्रणे होतील, याचा हिशेब त्याने मांडला आणि १८२० असे उत्तर दिले. आजच्या शाळेतला मुलगा गणित करून पाहील तर उत्तर तेच येईल. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या उपभोगांची जी प्रकरणे आहेत त्यांत स्नानाला आणि अंगाला लावावयाच्या विलेपनाला स्वतंत्र स्थान आहे. सुगंधी तेल कसे, उटणे कसे, कोणत्या ऋतूत कोणते द्रव्य लावावे, सगळे आहे. पुढे गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ झाला. हा ग्रंथ विस्मृतीत गेलेला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली त्याची ओळख विद्वानांना करून दिली. त्याच पोथीत ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ आहे आणि त्यावर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरे, तेले आणि धूप कसे करावेत हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कोणाला तरी तेव्हाही भासली होती! गोडे यांच्याविषयी एक शब्द जाता जाता बोलल्याशिवाय राहवत नाही. हा गृहस्थ जन्मभर हस्तलिखितांची राखण करीत राहिला, आणि तंबाखूपासून अत्तरापर्यंत ज्या ज्या वस्तूंना पंडित हात लावीत नसत त्यांचा इतिहास त्याने धुंडाळला. सामान्य माणसाच्या इतिहासावर असे उपकार थोड्यांनीच केले आहेत.

गुलाबाच्या अत्तराची कथा मोगल दरबारातली. नूरजहानच्या आईने ते प्रथम काढले असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. उत्तरेत कनौजला आजही अत्तर काढण्याची जी रीत चालू आहे ती पाहण्याजोगी आहे. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुले आणि पाणी घालावयाचे, झाकण मातीने लिंपून बंद करावयाचे, खाली लाकडे आणि शेण्यांचा जाळ लावावयाचा. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडविलेल्या भांड्यात उतरते, आणि त्या भांड्यात आधीच घातलेल्या चंदनाच्या तेलात फुलांचा वास मुरतो. जाळ कमीजास्त झाला तर सगळा माल बिघडतो. म्हणून कारागीर दिवसभर भट्टीपाशी बसून, भांड्याला हात लावून उष्णतेचा अंदाज घेत असतो. ज्या सुगंधाने दुसऱ्याचा घाम झाकावयाचा तो सुगंध काढणारा स्वतः घामाने निथळत असतो! मातीचे अत्तरही कनौजचेच. भाजलेल्या मातीतून पहिल्या पावसाचा वास काढून तो कुपीत भरतात. आमच्या मावळात मृग बरसला की तो फुकट मिळतो, हा भाग वेगळा.

महाराष्ट्रात अत्तर हे रोजच्या वापराचे कधी नव्हते. ते मानाचे होते. दरबार संपला की अत्तर-गुलाब आणि पानसुपारी. लग्नाच्या मांडवात तेच. चैत्रात आंब्याची डाळ, पन्हे, भिजविलेले हरभरे आणि हातावर अत्तराचे बोट. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अत्तरदाण्या आणि गुलाबदाण्या पाहून डोळे दिपतील. तेथेच पाय घासावयाच्या वज्र्याही मांडून ठेवलेल्या आहेत, त्याही पाहाव्यात. या मानाच्या अत्तरात एक कडवट गोष्ट मात्र होती. हळदीकुंकवाच्या बैठकीत विधवेच्या हातावर ते बोट फिरत नसे. म्हणजे सुगंध कोणाला लावावयाचा आणि कोणाला वगळावयाचे, यावरून समाजातला माणसाचा दर्जा ठरत होता.

मग सामान्य माणूस काय करी? शिकेकाई होती, रिठा होता, दिवाळीला उटणे होते. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, गव्हला यांची पूड ज्याला परवडे तो लावी. न परवडे तो डाळीच्या पिठावर भागवी. न्हावी दाढी झाल्यावर गालावरून तुरटीचा खडा फिरवी, आणि काही शहाणी माणसे तोच खडा ओला करून काखेत फिरवीत. या तुरटीची गोष्ट पुढे येणार आहे. बाकी दगड आणि नदी. आमच्या वाडीत पावसाळ्याचे चार महिने कपडा वाळत नसे. चुलीवर दोरी बांधून तो वाळवावा तर त्याला धुराचा वास. असा धुराचा वास घेऊन खालच्या शाळेत गेलेल्या पोराला बाकावर कोणी शेजारी बसू देत नसे, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आणि त्याच मावळात आंबेमोहोर तांदूळ पिकतो, ज्याच्या भाताच्या वासाने शहरातले पाहुणे वेडे होतात! तांदळाचा वास चालतो, तो पिकविणाऱ्याचा चालत नाही.

येथे थोडे शास्त्र सांगतो. घाम स्वतः घाण नसतो, त्याला ताजेपणी जवळजवळ वासच नसतो. आपल्या कातडीत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या. एका प्रकारच्या सगळ्या अंगावर पसरलेल्या. त्यांतून पाणी आणि मीठ बाहेर पडते आणि अंग थंड राहते. भट्टीपुढे उभा असलेला मनुष्य त्यांच्याच जोरावर जगतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत. त्या वयात आल्यावर काम करू लागतात. त्यांच्या स्रावावर कातडीवरचे जंतू जगतात आणि ते जे द्रव्य मागे सोडतात त्याचा तो वास. २००६ साली जपानी संशोधकांनी कानातील मळाच्या प्रकाराशी संबंध असलेले एक जनुक शोधून काढले. त्याच जनुकाच्या एका विशिष्ट रूपामुळे पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांच्या काखेला असा वास जवळजवळ येतच नाही, हे पुढे दिसून आले. ते लोक आपल्याहून अधिक सदाचारी आहेत म्हणून नव्हे! अंगाचा वास हा जनुकाचा, जंतूंचा, कपड्याचा आणि पाण्याचा प्रश्न आहे; माणसाच्या लायकीचा नव्हे.

परंतु आपल्या समाजाने तो हजारो वर्षे लायकीचाच मानला. ज्याने मेलेले ढोर ओढावे, कातडे कमवावे, मैला वाहावा, त्याच्या अंगाला वास येतो म्हणून त्याला दूर ठेवावे; आणि दूर ठेवल्यावर त्याला पाणवठ्यावरही येऊ देऊ नये. मग त्याने वास घालवावा तरी कशाने? १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने, हे ध्यानात घ्या. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून! शुद्धी आणि स्वच्छता या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखविलेले नाही. तळ्याचा न्यायालयीन निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयाला १९३७ साल उजाडले.

गिरणगावातली कथा याहून फार निराळी नाही. घाटावरून आणि कोकणातून मुंबईस गेलेला माणूस ज्या विणकामखात्यात उभा राही तेथे सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. सुताला ओलावा मानवे, माणसाला मानवत नसे. अशा हवेत दिवसाचे बारा-बारा तास काढून तो चाळीत परते, तेथे मजल्याला एक-दोन नळ आणि नळाला ठराविक वेळ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, त्यात आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा अशा माफक मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी आरामात डोक्याला तेल चोळून आंघोळ करतो ती लोखंड्यांच्या कृपेने करतो, असे मी आमच्या सभांत सांगत असतो. ऐकणारे हसतात, पण विसरत नाहीत.

दरम्यान सुगंध स्वस्त होऊ लागला होता. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन याने १८६८ साली कुमारिन नावाचे सुवासिक द्रव्य रसायनशाळेत तयार केले. १८८२ साली पॅरिसच्या एका गंध्याने ते वापरून ‘फुजेर रॉयाल’ नावाचे सेंट काढले. फुलांची शेती आणि कस्तुरीमृगाची शिकार न करता वास निर्माण करता येतो, हे सिद्ध झाले. आपल्याकडे १९१६ साली म्हैसूर संस्थानाने चंदनाच्या तेलाचा साबण काढला. १९३१ साली ताता तेल गिरणीचा ‘हमाम’ आला. १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी उभी राहिली, आणि तिचे सुगंध पुढे देशभर पसरले. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभा राहिला तो याच स्वदेशीच्या लाटेत. कुपी आणि तिच्यातला सुगंध, दोन्ही आपले असावे, असे त्या पिढीला वाटत होते.

सेंटच्या बाटलीत बहुतांश मद्यार्क असतो, आणि त्यावरून मुंबई राज्यात एक मजेदार प्रकरण घडले. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याला एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या मागणीत व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कोलोन आणि लव्हेंडरचे पाणीही होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरची बंदी रद्द केली. म्हणजे रुमालावर कोलोनचे चार थेंब शिंपडण्याचा आपला हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. ज्यांना अत्तर ही क्षुल्लक बाब वाटते त्यांनी हा निकाल वाचावा.

आता फवाऱ्याकडे येऊ. काखेचा वास मारणारे पहिले मलम १८८८ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास निघाले. त्यानंतर सिनसिनाटीच्या एका शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम येऊ नये म्हणून एक औषध तयार केले. त्याच्या मुलीने, एडना मर्फीने, ते काखेला लावून पाहिले आणि ‘ओडोरोनो’ या नावाने विकावयास काढले. १९१२ साली अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात दुकान मांडले तेव्हा प्रथम कोणी विचारीना. उन्हाळा वाढला तसे गिऱ्हाईक आले. या औषधातला मुख्य गुण ॲल्युमिनियमच्या क्षाराचा, म्हणजे नात्याने आपल्या तुरटीचाच. घामाचे तोंड काही काळ बुजवावयाचे, एवढेच त्याचे काम.

परंतु इतिहासाला खरे वळण दिले ते क्षाराने नव्हे, जाहिरातीने. जेम्स वेब यंग नावाचा एक माणूस, जो आधी दारोदार बायबल विकीत असे, तो या मालाची जाहिरात लिहावयास बसला. चौकशीत त्याला आढळले की बहुतेक बायकांना हे औषध ठाऊक आहे, पण आपल्याला त्याची गरज आहे असे त्यांना वाटत नाही. तेव्हा त्याने गरज निर्माण केली. १९१९ साली बायकांच्या एका मासिकात त्याने जी जाहिरात दिली तिचा भावार्थ असा की, तुमच्या अंगाला वास येत असेल, तो तुम्हाला स्वतःला कळत नसेल, आणि लोक तुमच्या पाठीमागे बोलत असतील. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. आणि माल? वर्षभरात विक्री ११२ टक्क्यांनी वाढली. पुढे लाइफबॉय साबणाने अमेरिकेत ‘बी. ओ.’ ही दोन अक्षरे घरोघर नेली.

अत्तराचा दुकानदार सांगे, ‘हे लावा, आनंद वाटेल.’ फवाऱ्याचा दुकानदार सांगू लागला, ‘हे लावा, नाहीतर लाज वाटेल.’ मला विचाराल तर दोन मालांतला मुख्य भेद रसायनाचा नाही, हा आहे. लाजेला तळ नसतो, म्हणून तो धंदा अत्तराच्या धंद्याहून शतपट मोठा झाला.

१९६० च्या सुमारास डब्यातून दाबाने उडणारा फवारा आला. त्यातील वायू वातावरणातील ओझोनच्या थराला भोके पाडतो असे दिसून आल्यावर १९८७ साली माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ते वायू मागे पडले. त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी आले ते ब्यूटेन आणि प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातलेच वायू. भारतात हा माल जोरात आला तो १९९० नंतर. त्याच्या जाहिराती हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. २०२२ च्या जून महिन्यात तर एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती इतक्या किळसवाण्या निघाल्या की केंद्र सरकारने त्या काढून टाकावयास लावल्या. ज्याला आपण सरसकट ‘डिओ’ म्हणतो तो पुष्कळदा डिओडरंट नसतोच. जंतू मारील किंवा घाम रोखील असे त्यात फारसे काही नसते. असते ते वायूने उडविलेले हलके सेंट. घाम रोखणारा प्रकार हवा असेल तर डब्यावर ॲल्युमिनियमच्या क्षाराचे नाव शोधावे. त्या क्षाराने कर्करोग होतो अशी एक वार्ता फिरत असते. तसे सिद्ध झालेले नाही.

आता माझ्या कामातली एक हकिगत सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका कारखान्यात, जेथे लोखंड तापवून घडवितात, सूचनाफलकावर कागद लागला. कंपनीच्या बसमधून जाताना कर्मचाऱ्यांनी इतरांना त्रास होणार नाही अशी वैयक्तिक स्वच्छता राखावी व डिओडरंट वापरावे, असा त्याचा मजकूर होता. बसमध्ये ऑफिसची मंडळी आणि भट्टीवरची मंडळी एकत्र बसत, त्यावरून तक्रार गेली होती. कागद वाचून भट्टीवरच्या लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते सांगता येणार नाही. त्यांतला एक पन्नाशीचा गडी दुसऱ्या दिवसापासून बसने येईनासा झाला. बारा किलोमीटर सायकल मारू लागला.

आम्ही पाहणी केली. कंत्राटी कामगार धरून सबंध पाळीला हात धुण्याचे नळ चार, त्यांतले दोन बंद. न्हाणीघर नाही. गणवेश दोन, तेही पॉलिएस्टरचे. आणि पॉलिएस्टरचा कपडा सुतीपेक्षा वास अधिक धरून ठेवतो, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे. झाडलोट करणाऱ्या बायांना कपडे बदलावयास आडोसा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४२ व्या कलमाने धुण्याची सोय आणि ४३ व्या कलमाने कपडे ठेवण्या-वाळविण्याची सोय सांगितलेली होती. ती आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवली. व्यवस्थापनाने उत्तर दिले की, दर माणशी महिन्याला एक डिओडरंटचा डबा फुकट देतो, विषय मिटवा.

आणि गंमत अशी की, आमच्यातच फूट पडली. फाटकाबाहेरच्या सभेत जुनी माणसे म्हणाली, डबा घेणे म्हणजे आपण घाणेरडे आहोत हे कबूल करणे. तेव्हा एक पंचविशीतला मुलगा उठला. तो म्हणाला, “काका, नळ मागा, न्हाणीघर मागा, सगळे मागा. पण डबा नको असे आमच्या वतीने म्हणू नका. साहेबाच्या अंगाला चांगला वास येतो तेव्हा तुम्ही त्याला काही म्हणत नाही. मग आमच्याच अंगाला नुसता साबणाचा वास का असावा?” सभा गप्प झाली. मला त्याचे म्हणणे रास्त वाटले. सुगंध ही चैन आहे आणि गरिबाने ती करू नये, हे म्हणणे आणि विधवेच्या हाताला अत्तर लावू नये हे म्हणणे, दोन्हींचे मूळ एकच.

तरीपण डबा आम्ही घेतला नाही, आणि त्याचे कारण मानापमानाचे नव्हते. ज्या डब्यात ब्यूटेन आहे आणि ज्याच्यावर ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत ठेवू नये असे छापलेले असते, तो भट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवावयाचा? हे मी विचारले, आणि सुरक्षा अधिकाऱ्यानेच मान डोलावली. शेवटी करार झाला तो असा: आठ नळ, सहा न्हाणीघरे, बायांसाठी वेगळी, सुती गणवेश तीन, पाळी संपल्यावर आंघोळीसाठी बस वीस मिनिटे उशिरा सुटणार, आणि सूचनाफलकावरचा तो कागद काढून टाकावयाचा. न्हाणीघरासाठी पाणी कोठून आणावयाचे यावर मात्र महिनाभर वाद झाला. तो मावळात होणारच. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यावयाच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ जे आंदोलन झाले त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन जीव गेले आहेत. आंघोळीच्या बादलीची किंमत येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

कारखाना कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, त्या येथे काढीत नाही. पण तिच्या २४ व्या कलमात धुण्याच्या सोयीबरोबर न्हाणीघर आणि कपाटांच्या खोलीचा उल्लेख आहे. ज्यांचे मुलगे-मुली कारखान्यात जातात त्यांनी हे कलम त्यांच्या कानावर घालावे.

व्याख्यान संपल्यावर कोणीतरी हमखास विचारील की, मग रोज लावावे काय? म्हणून मला जे समजले ते सांगून टाकतो. अंग धुण्याला पाणी असेल आणि कपडा धुतलेला सुती असेल, तर बहुतेकांचे निम्म्याहून अधिक काम झाले. काखेचा वास तरीही जात नसेल तर काखेलाच इलाज करावा: तुरटीचा ओला खडा, किंवा ॲल्युमिनियमच्या क्षाराची बाटली; आणि ती रात्री कोरड्या अंगाला लावावी, सकाळी घाईत नव्हे, कारण रात्री घाम कमी असतो आणि क्षार आपल्या जागी बसतो. कातडी चुरचुरली तर सोडून द्यावे. सेंट किंवा अत्तर हा या रोगाचा इलाज नाही. न धुतलेल्या घामावर सेंट मारले की दोन्ही वास मिळून तिसराच उठतो. ते स्वच्छ अंगावर, स्वतःच्या आनंदासाठी लावावयाचे, आणि तेही बेताने. लोकलच्या किंवा एस.टी.च्या गर्दीत शेजारचा दमेकरी असू शकतो. अत्तर तेलातले असल्यामुळे ते उडत नाही, पेटता भडका घेत नाही, आणि एक थेंब दिवसभर पुरतो. म्हणून भट्टीवरच्या माणसाला फवाऱ्यापेक्षा अत्तर बरे, असे माझे मत आहे.

त्या कारखान्यात न्हाणीघरे सुरू झाल्यावर सायकलवाला गडी पुन्हा बसने येऊ लागला. कनौजकडचा एक वेल्डर तेथे आहे. तो सुट्टीवरून येताना वाळ्याच्या अत्तराची छोटी कुपी घेऊन येतो, आणि पाळी सुटल्यावर ती कपाटापाशी हातोहात फिरते. सभेत उठून बोललेला तो मुलगा मात्र बाजारातून स्वतःच्या पैशाने डिओच विकत घेतो, आणि कंपनीच्या फाटकाबाहेर पडल्यावरच लावतो.